रात्रीचा निवारा आणि गांवाची वेस

गेल्या महिन्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें अमेरिकेहून पत्र आलें. तें ईमेलनें आलें असलें तरी आरंभीं 'सा. न. वि. वि.' घालण्यास तो विसरला नव्हता, म्हणून आम्ही त्यास पत्रच म्हणतों. कॅलिफोर्निया राज्यांत, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस संगणक-उद्योगाचें जें खोरें आहे, तेथील एका नगरांत तो पंधरा वर्षें राहत आहे. पत्नी नोकरी करते, दोन मुलें शाळेंत जातात, आणि आई सहा महिने तिकडे व सहा महिने पुण्यास असते.

पत्रांतील मजकूर थोडक्यांत असा. त्याच्या घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर, बस जाते त्या मोठ्या रस्त्यालगत, एक मोटेल, म्हणजे मोटारीनें प्रवास करणारांचें लॉज, बंद पडलेलें आहे. तेथें बेघर लोकांकरितां रात्रीचा निवारा व्हावा असें कांहीं मंडळींच्या मनांत आहे. त्या नगराच्या नियमांप्रमाणें असे निवारे आजवर केवळ कारखान्यांच्या विभागांत काढतां येत. आतां नगरपालिका तो नियम बदलून दुकानें व घरें जेथें मिसळलेलीं आहेत अशा विभागांतही परवानगी देणार आहे. शेजाऱ्यांनीं एक अर्ज फिरविला आहे: निवाऱ्यास आमचा विरोध नाहीं, पण तो येथें नको, पूर्वीप्रमाणें हमरस्त्यापलीकडे कारखान्यांतच असूं द्या. अर्ज घरीं आला तेव्हां पत्नी म्हणाली, "मुलें त्याच वाटेनें शाळेला जातात, सही करूं या." आई म्हणाली, "कारखान्यापाशीं नेऊन ठेवलेल्या माणसांनीं रात्रीं जेवायचें कुठें?" आमचा विद्यार्थी पेन हातांत धरून बसला, आणि शेवटीं अर्ज चार दिवस ठेवून घेऊन त्यानें आम्हांस विचारलें, "सर, सही करूं कीं नको?"

आम्हीं त्यास उत्तर दुसऱ्याच दिवशीं धाडलें. परंतु प्रश्न त्याचा एकट्याचा नाहीं. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे मुलगे-सुना, मुली-जांवई त्या प्रांतांत नांदत आहेत. आणि ज्यांचें तिकडे कोणी नाहीं त्यांच्याही दारीं असा अर्ज आपल्याच शहरांत आज ना उद्यां येणार आहे. म्हणून तें उत्तर थोडें विस्तारून या वेळीं येथें देतों.

प्रथम विभागनियम म्हणजे काय तें पाहूं. नगराच्या भूमीचे भाग पाडून कोठें काय बांधावें हें आधींच लिहून ठेवणें, यास तिकडे झोनिंग म्हणतात. आपल्याही शहरांच्या विकास-आराखड्यांत पिवळा रंग राहत्या वस्तीचा, निळा व्यापाराचा आणि जांभळा कारखान्यांचा असतो, तेंच हें. लॉस एंजेलिसनें १९०८ सालीं राहत्या वस्तींतून कारखाने वेगळे काढण्याचा नियम केला. न्यूयॉर्कनें १९१६ सालीं साऱ्या शहरास असा नकाशा लावला. पुढें १९२६ सालीं ओहायो राज्यांतील युक्लिड नांवाच्या गांवाच्या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें हे नियम घटनेस धरून आहेत असा निर्णय दिला. (गांवाचें नांव भूमितिकार युक्लिडवरूनच पडलेलें आहे, नकाशावरील रेघांचा खटला तेथेंच उद्भवावा हा योग मौजेचाच.) मूळ हेतु निर्दोष होता. बाळंतिणीच्या खोलीशेजारीं कातडीं कमावण्याचा कारखाना नसावा, हें कोणासही पटेल. परंतु त्याच निकालांत अनेक बिऱ्हाडांच्या भाड्याच्या इमारतींस स्वतंत्र बंगल्यांच्या वस्तीवर वाढणाऱ्या बांडगुळाची उपमा दिलेली आहे. म्हणजे धूर वेगळा काढण्यासाठीं ओढलेली रेघ माणसें वेगळीं काढण्यासही उपयोगीं पडते, हें आरंभापासूनच दिसून येत होतें.

कॅलिफोर्नियानें तर तें त्याहूनही आधीं पाहिलें होतें. सॅन फ्रान्सिस्को शहरांत असा नियम होता कीं, लांकडी इमारतींत कपडे धुण्याचा धंदा करावयाचा तर नगरमंडळाची परवानगी घ्यावी. नियमाच्या शब्दांत कोणत्याही जातीचा उल्लेख नव्हता. आगीचें भय हें कारण सांगितलें होतें. परंतु सुमारे २०० चिनी परटांचे अर्ज नाकारले गेले, आणि तशाच लांकडी घरांत धंदा करणाऱ्या सुमारे ८० इतर लोकांस, एक अपवाद सोडून, परवानगी मिळाली. १८८६ सालीं यिक वो यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें हा व्यवहार बेकायदा ठरविला. लिहिलेला नियम कितीही समदर्शी असो, देणाराच्या मर्जीवर तो सोडला कीं मर्जी कोणत्या बाजूस झुकेल हें सांगावयास नको. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाची किल्ली या जुन्या खटल्यांत आहे असें आम्हांस वाटतें.

आतां निवाऱ्याकडे येऊं. बेघर माणसांसाठीं निवारा काढावयाचा म्हणजे पूर्वीं बहुतेक नगरांत खास परवाना काढावा लागे. त्यासाठीं जाहीर सुनावणी होई, शेजारीपाजारी येऊन 'निवारा हवाच, पण येथें नको' असें म्हणत, आणि निवडून आलेले सभासद मान हालवीत. प्रत्येक आळीनें हेंच म्हटल्यावर निवारा कोठेंच होत नसे. यावर उपाय म्हणून कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानें २००७ सालीं एक कायदा केला. तो 'एस. बी. २' या नांवानें ओळखला जातो आणि २००८ च्या जानेवारीपासून लागू झाला. त्याचें सार एका वाक्यांत सांगतां येतें: प्रत्येक नगरानें आपल्या नकाशावर निदान एक विभाग असा दाखवावा कीं, जेथें वर्षभर चालणारा निवारा खास परवाना न मागतां, नियमांत बसला तर हक्कानें काढतां यावा, आणि त्या विभागांत नगराच्या गरजेइतकी जागा असावी.

निवारा म्हणजे काय हेंही त्या राज्याच्या कायद्यांत स्पष्ट आहे. एका माणसानें तेथें फार तर सहा महिने राहावें, आणि पैसे नाहींत म्हणून कोणास परत पाठवूं नये. नगरपालिकेस अटी घालतां येतात. पण त्या लिहिलेल्या, मोजतां येण्याजोग्या आणि सर्वांस सारख्या असाव्या लागतात. किती खाटा असाव्यात, आलेल्या लोकांनीं थांबण्याची जागा केवढी व कोठें असावी, जागेवर व्यवस्थापक कोण, दिवे कसे, पहारा कसा, एक निवारा दुसऱ्यापासून किती दूर, अशा ठराविक बाबींवरच अटी घालतां येतात. आणि दोन निवाऱ्यांमध्यें ३०० फुटांहून अधिक अंतराची सक्ती करतां येत नाहीं. मोटारी उभ्या करण्याच्या जागेची अटही २०१९ सालच्या दुरुस्तीनें केवळ तेथील नोकरवर्गापुरती राहिली. कारण ज्यास घर नाहीं त्याच्यासाठीं पन्नास मोटारींचें आवार मागणें म्हणजे नकाराचाच एक सभ्य प्रकार होता.

कायदा चांगला होता. परंतु त्यांत विभाग निवडण्याचें काम नगरांकडेच होतें. मग कित्येक नगरांनीं काय केलें? कारखान्यांचा विभाग दाखविला. असें करण्यास सबळ कारणेंही आहेत, तीं नाकारणें न्यायाचें होणार नाहीं. तेथें जागा स्वस्त मिळते. वखारी मोठ्या असतात, एका छपराखालीं शंभर खाटा मावतात. रात्रीं आजूबाजूस कोणी राहत नाहीं, म्हणून तक्रार करणारा नाहीं. आणि बेघरांपैकीं कांहींजण अशा भागांत आधींच मोटारींत किंवा तंबूंत राहत असतात. निवारा अजिबात नसण्यापेक्षां कारखान्यांत असलेला बरा, हें म्हणणें आम्हांसही मान्य आहे.

पण दुसरी बाजू पाहावी. कारखान्यांच्या विभागांत माणसानें राहूं नये हा नियम मुळांत नगरानेंच केलेला, आणि तो माणसाच्या हितासाठींच केलेला. आमचा विद्यार्थी राहतो त्या सांता क्लारा परगण्यांतच पहा. संगणकाच्या चिपा तयार करतांना धुण्यासाठीं ट्रायक्लोरोएथिलीन नांवाचें द्रावण वापरीत. तें जमिनींतील टाक्यांतून झिरपून भूजलांत गेल्याचें १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत उघडकीस आलें. आज केंद्र सरकारच्या दूषित जागांच्या राष्ट्रीय यादींत एकट्या त्या परगण्यांतील २० हून अधिक जागा आहेत. या द्रावणाची वाफ जमिनींतून वर येऊन इमारतींत शिरूं शकते, म्हणून अशा जागीं घरें बांधतांना आधीं तपासणी करावी लागते. दुसरें उदाहरण ओकलंड शहराचें. २०१६ च्या २ डिसेंबरच्या रात्रीं तेथें 'घोस्ट शिप' या नांवानें ओळखली जाणारी एक वखार जळाली. वखार राहण्यासाठीं नव्हती, तरी लोक तींत राहत होते. त्या रात्रीं गाण्याचा कार्यक्रम होता, आणि ३६ माणसें मेलीं. वखारीस योग्य दारें, जिने, पाण्याचे फवारे करून निवारा काढतां येतो हें खरें; पण तो खर्च केल्यावर स्वस्ताई किती उरते हाही हिशेब मांडला पाहिजे.

याहून मोठी अडचण अंतराची आहे. ज्यास घर नाहीं त्याचा दिवस पायांवर चालतो. दवाखाना, सरकारी कचेरी, नोकरीचा अर्ज भरण्यासाठीं वाचनालयांतील संगणक, मुलांची शाळा, स्वस्त खाणावळ, हें सर्व बसच्या वाटेवर असावें लागतें. कारखान्यांकडे संध्याकाळीं सहानंतर बहुधा बस नसते, पायवाट नसते, दुकान तर नसतेंच. तेथें रात्र निघते, पण सकाळ उजाडल्यावर माणूस आदल्या दिवशीं जेथें होता तेथेंच राहतो. सहा महिन्यांत त्यानें आपल्या पायांवर उभें राहावें असें कायदा म्हणतो, आणि नकाशा त्याचे पायच काढून घेतो.

ही विसंगति ध्यानांत येऊनच विधिमंडळानें २०२२ सालीं 'ए. बी. २३३९' हा दुसरा कायदा केला. तो २०२३ च्या आरंभापासून लागू आहे. निवाऱ्याचा विभाग आतां असा दाखवावा लागतो कीं, जेथें माणसांच्या राहण्यास परवानगी आहे. घरांसाठीं न राखलेली जागा दाखवावयाची तर आरोग्य, वाहतूक, दुकानें, रोजगार इत्यादि सोयी जवळ आहेत हें नगरास दाखवून द्यावें लागतें. शिवाय 'जागा पुरेशी आहे' असें मोघम म्हणून चालत नाहीं. माणशीं २०० चौरस फूट भूखंड धरून हिशेब करावा लागतो. म्हणजे ज्या बदलाविरुद्ध तो अर्ज फिरत होता, तो नगरपालिकेची लहर नसून राज्याच्या कायद्याची मागणी होती, हें आमच्या विद्यार्थ्याच्या शेजाऱ्यांस बहुधा ठाऊक नसावें.

गरज केवढी आहे हेंही सांगितलें पाहिजे. २०२४ च्या जानेवारींतील एका रात्रीच्या गणतींत कॅलिफोर्नियांत सुमारे १ लक्ष ८७ हजार माणसें बेघर आढळलीं, आणि त्यांपैकीं सुमारे दोन-तृतीयांश कोणत्याही निवाऱ्यांत नव्हतीं. जगांतील अतिधनाढ्य प्रांतांपैकीं एकाची ही गोष्ट आहे. त्याच वर्षीं २८ जून रोजीं, ओरेगॉन राज्यांतील ग्रँट्स पास या गांवाच्या खटल्यांत, सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं असा निर्णय दिला कीं, सार्वजनिक जागेंत पथारी टाकणारास दंड वा कैद करणें ही घटनेनें मना केलेली क्रूर शिक्षा ठरत नाहीं. तत्पूर्वीं, २०१८ पासून, पश्चिमेकडील राज्यांत असा दंडक होता कीं, निवाऱ्यांत जागा नसेल तर उघड्यावर झोपल्याबद्दल शिक्षा करूं नये. तो दंडक गेला. आतां येथें झोपूं नको म्हणून पोलीस उठवितो; तेव्हां कोठें झोपूं, या प्रश्नाचें उत्तर केवळ विभागनियमांच्या नकाशांतच सांपडावयाचें आहे. नकाशांतील जांभळ्या रंगास अशी धार आलेली आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, हा अमेरिकेचा प्रश्न. आपल्याकडे अतिथीस देव मानण्याची परंपरा आहे. परंपरा आहे खरी. सूर्यास्ताच्या वेळीं येणाऱ्या अतिथीस स्मृतिकारांनीं 'सूर्योढ' असें नांव दिलें आहे, आणि गृहस्थानें त्यास परत लावूं नये असें सांगितलें आहे. त्याचें शील तपासा असें सांगितलेलें नाहीं. परंतु ज्या संस्कृत ग्रंथांत आम्हीं आयुष्य घालविलें त्यांतच कौटिल्याचें अर्थशास्त्रही आहे. त्याच्या नगररचनेच्या प्रकरणांत कोणत्या दिशेस कोणीं राहावें याचा तपशील दिलेला आहे, आणि पाखंडी व चांडाळ यांस स्मशानाच्या कडेची जागा नेमून दिलेली आहे. जागा दिलेली आहे, नाकारलेली नाहीं. फक्त ती कोठें दिली हें पाहावें. गांवकुसाबाहेरची वस्ती आपल्या पूर्वजांनीं शतकानुशतकें जी राखली तीही एक प्रकारचा विभागनियमच होता. गांवास त्यांचे श्रम हवे होते, रात्रीं त्यांचा शेजार नको होता. म्हणून 'विरोध नाहीं, पण तिकडे' हें वाक्य इंग्रजींत वाचलें तरी आपणांस तें ओळखीचें वाटलें पाहिजे, आणि वाटून थोडी लाजही वाटली पाहिजे.

आपल्याकडे याच्या उलट उदाहरणेंही आहेत, आणि तीं तितकींच आपलीं आहेत. गाडगे महाराजांनीं पंढरपुरास चोखामेळ्याच्या नांवानें धर्मशाळा बांधली ती ज्यांस इतर धर्मशाळांत थारा नव्हता अशा वारकऱ्यांसाठीं. आणि ती वारीच्या गांवींच बांधली, चार कोसांवर नव्हे. दादरला त्यांच्या नांवाची जी धर्मशाळा आहे तिचा उपयोग परळच्या टाटा रुग्णालयांत उपचार घेणाऱ्या कर्करोग्यांस व त्यांच्या नातेवाइकांस होतो, तो मुख्यतः ती रुग्णालयापासून जवळ आहे म्हणून.

घरचें उदाहरण द्यावयाचें तर आमचे वडील पुण्यांत वार लावून शिकले. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं, असे सात वार सात वाड्यांत. त्या वाड्यांतील मंडळी श्रीमंत होतीं असें नाहीं. परंतु तीं घरें शाळेपासून हांकेच्या अंतरावर होतीं, म्हणून जेवून तास गांठतां येई. तेंच अन्न हडपसरास मिळतें तर वडिलांचें पोट भरलें असतें, पण शिक्षण झालें नसतें. आणि आज हें पान लिहिणारा मास्तरही झाला नसता. ज्या घरांनीं वार दिले त्यांनीं अन्नाबरोबर अंतरही दिलें, हें आम्हांस आतां कळतें.

आपल्या सरकारनेंही हें तत्त्व कागदावर मान्य केलेलें आहे. २०११ च्या जनगणनेंत देशांत सुमारे १७ लक्ष ७३ हजार माणसें बेघर आढळलीं, त्यांपैकीं महाराष्ट्रांत दोन लक्षांहून अधिक. दर लाख लोकवस्तीमागें एक निवारा असावा असा दंडक २०१० सालीं सर्वोच्च न्यायालयापुढील प्रकरणांतून पुढें आला, आणि २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक नियमांत तो उतरला. निवाऱ्यांत माणशीं निदान ५० चौरस फूट जागा असावी असें त्यांत होतें (कॅलिफोर्नियाचे २०० फूट भूखंडाचे आहेत, हे खोलीचे, तुलना करतांना हा भेद विसरूं नये). आणि निवारा शक्य तोंवर बेघर लोक जेथें एकवटतात व काम करतात त्याच्या जवळ असावा, असेंही त्यांत स्पष्ट लिहिलें होतें. अडचण नियमाची नव्हती. अडचण आमच्यासारख्या सही करणारांची होती.

'आमच्यासारख्या' हें आम्ही विनयानें म्हणत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या पेठेंतील एका बंद पडलेल्या शाळेच्या इमारतींत रात्रनिवारा काढावयाचें ठरत होतें. भाजीमंडई तेथून पांच मिनिटांवर. तेव्हां पेठेंत असाच एक अर्ज फिरला, आणि त्यावर आम्हीं सही केली. शब्द जवळ जवळ हेच होते: योजना स्तुत्य आहे, परंतु जागा अनुचित आहे. अर्जांतील व्याकरणाच्या दोन चुकाही आम्हीं दुरुस्त करून दिल्या. निवारा पुढें शहराच्या टोकास, मालमोटारींच्या तळापलीकडे निघाला. त्या हिवाळ्यांत पहाटे फिरावयास जातांना मंडईच्या ओट्यावर पोतें पांघरून निजलेला एक म्हातारा हमाल आम्हांस दिसे. एके दिवशीं आम्हीं त्यास विचारलें, "बाबा, तिकडे निवारा झाला आहे, तेथें कां जात नाहीं?" तो म्हणाला, "मास्तर, माल पहाटे चारला येतो. तिकडून मी किती वाजतां निघूं?" त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. आमची सही त्यास ठाऊक नव्हती. आम्हांस मात्र ठाऊक होती, आणि दुसऱ्या दिवसापासून कांहीं दिवस आम्ही फिरण्याची वाट बदलली, हेंही येथें नमूद करणें योग्य.

म्हणून विद्यार्थ्यास आम्हीं जें लिहिलें तें असें. त्या अर्जावर सही करूं नको. परंतु पत्नीच्या भीतीस हंसूंही नको. मुलांच्या वाटेची काळजी करणें हें आईचें कामच आहे, आणि भीति दडपली म्हणजे ती विरोधाचें रूप घेते. ती भीति घेऊन दोघांनीं सुनावणीस जावें, आणि कायदा ज्या गोष्टी मागूं देतो त्या स्पष्ट शब्दांत मागाव्या. व्यवस्थापक रात्रंदिवस जागेवर असेल काय? लोकांनीं थांबण्याची जागा आवाराच्या आंत असेल कीं शाळेच्या पायवाटेवर? दिवे कोठें? पहारा किती वाजेपर्यंत? खाटा किती? या प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं तर निवारा शेजाऱ्यांसही सुसह्य होतो व आंत राहणारांसही. कारण अंधाऱ्या, पहारा नसलेल्या निवाऱ्याचें पहिलें भय तेथें निजणाऱ्या बाईस असतें, मग आपणांस. आणि इतकें करूनही नगरानें कारखान्यांतीलच एकादी जागा निवडली, तर तेथें भूमि तपासली आहे काय, रात्रीची बस आहे काय, दवाखाना किती दूर, हें विचारण्यासही याच शेजाऱ्यांनीं जावें. 'येथें नको' म्हणण्याचा अधिकार ज्यास हवा, त्यानें 'तेथें काय' हें पाहण्याचें ओझेंही उचलावें.

याहून एक गोष्ट आम्हीं त्यास अधिक लिहिली. परक्या देशांत आपण स्वतः नवखे म्हणून गेलों, तेव्हां आपणांस वस्तींत घर मिळालें तें कोणाच्या मर्जीनें नव्हे, तर नियमानें मिळालें. त्या प्रांतांत चिनी परटांस मर्जीचा अनुभव आला होता. आपल्या पिढीस नियमाचा आला. नियमाचा लाभ घेऊन झाल्यावर पुढच्या माणसासाठीं मर्जीचा अर्ज भरणें शोभणारें नाहीं.

त्याचें उलट पत्र आलें आहे. त्यानें सही केली नाहीं. पत्नीस त्याचें म्हणणें पुरतें पटलेलें नाहीं, आणि तसें तिनें स्वच्छ सांगितलें; परंतु सुनावणीस ती येणार आहे, आणि पायवाटेचा प्रश्न तीच विचारणार आहे. अर्ज घेऊन येणारे शेजारी थोडे रुसले आहेत. आईनें त्यांस घरीं बोलावून पोहे खाऊं घातले असें कळतें. त्याचा परिणाम काय झाला तें तिनें लिहिलेलें नाहीं. नगरपालिकेचा निर्णय अजून व्हावयाचा आहे, आणि तो कसा लागेल हें आम्ही सांगूं शकत नाहीं.

वाचकांस एवढीच विनंति कीं, असा अर्ज आपल्या दारीं आला तर सहीपूर्वीं घरांतील सर्वांनीं एकत्र बसून दोन प्रश्न विचारावे. येथें नको तर कोठें? आणि तेथून पहाटे चारच्या मालास वेळेवर येतां येईल काय? दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर देतां येत नसेल, तर पेन खालीं ठेवावें. आम्हीं तें ठेवलें नव्हतें.